घट्ट चुडा

मोठ्या बाईंचा हात दोन-आठचा. नुसतं बघून मला कळतं. बांगड्या भरणं हा आमच्या घरचा धंदा आणि पलूसमधल्या कितीतरी बायकांचे हात मी माझ्या हातात धरले आहेत. तरी बाईंच्या मुलीच्या लग्नाचा चुडा भरायला जाताना मी बाईंसाठी दोन-सहाच्या, एक माप लहान बांगड्या काढल्या. चुकून नाही. नवरीसाठी तिच्या मापाच्या घेतल्या, चांगल्यातल्या. त्या पोरीचा काही गुन्हा नव्हता.

माझ्या मुलीचे पाय जन्मापासून ताठ आहेत. वॉकर धरून ती चालते, पण जिना चढता येत नाही. डोकं मात्र तेज. चौथीपर्यंत वर्ग खाली होता, तोवर सगळं नीट चाललं. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. मी म्हटलं, रोज उचलून वर नेते. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "पडलीबिडली तर जबाबदारी कोणाची? नाव राहू दे शाळेत, ती घरीच शिकेल."

मीही चौथीच शिकले आहे. माझ्या पोरीचीही शाळा चौथीलाच थांबली, हे मनात आलं की मला जेवण जात नसे.

आठवड्यातून एकदा अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई घरी येत. त्या मला समजावून सांगत. घरी शिकवायची सोय आहे, पण जी घराबाहेर पडूच शकत नाहीत अशा मुलांसाठी. तुमची मुलगी सगळ्यांबरोबर वर्गात बसू शकते. पूर्वी अशा मुलांना वेगळी शाळा, नाहीतर घराचा कोपरा. आता कायदा आहे. जवळच्या शाळेत शिकायचा तिचा हक्क आहे, आणि तिला पोचता येईल अशी सोय करणं शाळेचं काम आहे. मला माहेरची, कराडची आमच्या शेजारची मुलगी आठवली. पोलिओ झालेली. ती दारात बसून आमची दप्तरं बघायची. तिच्या आईला राग येत असेलच, पण तो तिनं कुणावर काढायचा? मला आता कळलं होतं माझा राग कुणावर आहे ते.

मी चार माणसांत बोलत नाही. तरी शाळेत गेले. म्हटलं, वर्ग खाली आणायचा कायदा हाय म्हणत्यात. खालच्या मजल्यावर आणखी काय होतं? बाईंचं ऑफिस आणि शेजारी कुलूप लावलेली कॉम्प्युटरची खोली. बाई हसल्या. सगळ्या मास्तरांसमोर म्हणाल्या, "भाभी, तुम्ही बांगड्या विका. कायदा आम्ही बघतो."

पाचवीचं अख्खं वर्ष माझी पोर खिडकीत बसून पोरींचा घोळका शाळेत जाताना बघत राहिली. सहावीचा वर्गही वरच होता. मी वाट बघत होते. बाईंच्या घरी लग्नाची मुलगी आहे, हे मला ठाऊक होतं.

शिरवळच्या कंपनीतला मुलगा ठरला, आणि चुडा भरायला निरोप आला.

घर बायकांनी भरलेलं. आधी नवरीचे हात भरले. मग बाई पाटावर बसल्या. पहिली बांगडी मी बोटांवरून आत घेतली आणि बोटांच्या सांध्यावर आणून थांबवली. तिथं थांबली की ती पुढं जात नाही, मागं येत नाही. ओढली तर फुटते, आणि लग्नघरात चुडा भरताना काच फुटलेली कुणालाच चालत नाही.

"भाभी, अडकली की हो."

"अडकली न्हाई बाई, थांबलीया. हात ढिला सोडा."

"छडी धरून धरून हात ताठ झालाय तिचा," बाईंची जाऊ म्हणाली, आणि बायका हसल्या.

मी मान खाली घालूनच बोलले. वर बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. "बाई, सहावीचा वर्ग खाली कवा येणार?"

"ते आत्ता कशाला?"

"माझी पोरगी वर चढू शकत न्हाई म्हणून."

"कुठली गं तुझी पोरगी?" बाईंच्या सासूनं विचारलं.

"जिचं नाव शाळेत हाय आन बाक घरात, ती. बाईंस्नी म्हाईत हाय."

कुणी हसलं नाही. बाईंचा तळवा माझ्या हातात घामानं ओला झाला होता. मी बांगडी जराशी दाबली.

"आई गं! बघू, शाळा उघडली की बघू."

"बघू न्हाई, बाई."

सासू म्हणाली, "अगं, एक खोली खाली आणायला काय डोंगर उचलायचाय?"

"आणते," बाई म्हणाल्या. "आणते म्हटलं ना."

"सगळ्यांनी ऐकलंय," जाऊ म्हणाली.

मी अंगठ्यानं सांधा दाबला, बांगडी सरकली. मग उरलेल्याही त्याच मापाच्या भरल्या, एकेक, सावकाश.

हात भरून झाले की बायका बांगड्या भरणारीला वाकून नमस्कार करतात. लहानमोठं, जातपात कुणी बघत नाही. आम्ही कुणाला पुरतं वाकू देत नाही, अर्ध्यातच हात धरून "असू दे, असू दे" म्हणतो. त्या दिवशी मी हात मांडीवर ठेवले. बाई वाकल्या. पार पायापर्यंत वाकल्या. मग मी म्हटलं, "सुखी ऱ्हावा."

जूनमध्ये सहावीचा वर्ग खाली आला. दारातली पायरी काढून सिमेंटचा उतार केला. मुलगी पहिल्या बाकावर बसते. मला वाटलं होतं, आता राग जाईल. गेला नाही. पाचवीचं वर्ष तिला कोण आणून देणार?

परवा ती घरी येऊन म्हणाली, "अम्मी, मोठ्या बाईंच्या बांगड्या वाजतच न्हाईत. मनगटावर वळ उठल्यात. तुला विचारलंय, सैल भरून देशील का? दुकानात कवा येऊ?"

मी कांदा चिरत होते. म्हटलं, "सांग, अम्मीनं दुकान वरच्या मजल्यावर नेलंय."

आमचं दुकान घरातच, आणि घराला वरचा मजला नाही. पोर हसून हसून वॉकरवर वाकली.

मला वाटलं, गंमत झाली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तेव्हा सहज विचारलं, "बाईंस्नी काय सांगितलंस?"

"तू सांगितलंस तेच."

"मग?"

"मग काय न्हाई. म्हणाल्या, वर्गात जा, तास सुरू झालाय."