तलासरीच्या माळावरचे एकोणीस दगड

सायकलचं मागचं कॅरियर, शिशाचा ओळंबा, पन्नास फुटी तारेची साखळी आणि सागवानी पेटीतलं होकायंत्र. सोबत नेलेलं हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलेलं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं कुणी शिकवलं नाही.

निघायला निमित्त एका कंत्राटदाराचं. डहाणू रोडला माझ्या दुकानात छिन्न्या पाजवायला आला नि म्हणाला, "तलासरीपलीकडे माळावर गोलात दगड उभे आहेत, कुठल्या काळचे देव जाणे. बेवारस. महिनाअखेर फोडून रस्त्याच्या मोरीला घालतो." त्याआधी ते कागदावर यावेत म्हणून दुसऱ्याच दिवशी निघालो.

आशागड, गंजाड, चारोटी, मग उत्तरेला वळायचं. गंजाडपुढे खडी आहे, पंक्चरचं सामान ठेवा. तलासरीला चहा दहा नवे पैसे, पातळ. पुढे तासभर चढ, सायकल हातात धरून.

वर गवतकापणी चाललेली. दगड एकोणीस, सर्वांत उंच पाच फूट दोन इंच. बुडं गवतात बुडालेली, म्हणून विळा मागितला. पाड्यावरची जानीमावशी आडवी आली.

"तो बुधाच्या घरचा दगड. बुधाच कापील."

"तुमचा कोणता?"

"वाकडा, त्यो. माप घेतोस तं कपडं शिवशील काय त्याला, शिंपीदादा?"

बायका हसल्या. मी साखळी गुंडाळली.

एकेका दगडाला एकेक घर. कापणीची पहिली मूठ त्या घरानं आपल्या दगडाच्या बुडाची घ्यायची, मग माळाला हात लावायचा. ज्या घरचं माणूस येईल त्याचा दगड मी मोजला, शेजारी नाव लिहिलं. दोन दिवस गेले. मुक्काम मावशीच्या पडवीत. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी. पैसे घेईना, तिचे विळे पाजवून दिले.

एका दगडाचं घर मजुरीला लांब गेलेलं. त्याच्या बुडाच्या मापाची जागा कोरी सोडली. अंदाजाचा आकडा मी लिहीत नाही.

दगड फुटणार हे मावशीला ठाऊक होतं. निघताना म्हणाली, "आमचं कचेरीत कोण ऐकतो? कागूद ऐकतील?"

"नावं आहेत त्यात," मी म्हणालो.

मापं घ्यायला गेलो होतो. घरी कागद पसरला तर मापांपेक्षा नावंच कामाची निघाली. सोमवारी नकाशा मामलेदार कचेरीत दिला, पोच घेतली. निकाल अजून नाही. जायचं तर कापणीच्या दिवसांत जा.

आदल्याच दिवशी, रविवारी, नकाशाचं कानावर येऊन कंत्राटदार दुकानात आला होता. त्याचं म्हणणं, नकाशा प्रत न काढता त्याला द्यायचा, तीनशे रुपये रोख. मी नाही म्हटलं.