नावं ठेवणारे दौलतराव

दौलतरावांना गाण्यातलं कळतं, असं मरोद्यात कुणी म्हणत नाही. गाण्यांना नावं ठेवता येतात, एवढं मात्र सगळे मान्य करतात. इथल्या स्टील प्लांटमधून ते निवृत्त झाले, पाठोपाठ रुक्मावहिनी वारल्या आणि मुलगी आम्रपाली नोकरीसाठी बंगळुरूला गेली. घरात उरले ते आणि त्यांचा मोबाइल. मी शेजारी राहतो, रोलिंग मिलमध्ये त्यांच्याच शिफ्टला होतो, म्हणून संध्याकाळी जाऊन बसतो.

आम्रपाली त्यांना व्हॉट्सअॅपवर गाणी पाठवायची. कधी कव्वाली, कधी रॅप, कधी इंग्रजीतलं संथ काहीतरी. सुरुवातीला दौलतराव ‘मस्त आहे’ असं लिहीत. तिकडून हसरा चेहरा येई आणि विषय संपे. एकदा एका रॅपवर त्यांनी लिहिलं, हा माणूस गातो आहे की मालगाडीचे डबे मोजतो आहे? लगेच पोरीचा फोन. बापलेक मनसोक्त भांडले, आणि भांडता भांडता तिने जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, हेही विचारलं.

मग काय, दौलतरावांना गुरुकिल्लीच सापडली. कव्वालीत टाळ्या जास्त, गझलेत रडं जास्त, इंग्रजी बाईला तर झोप आलेली. तीच कव्वाली डोळे मिटून, मान डोलावत ऐकताना मी त्यांना पाहिलं आहे. ऐकून झालं की डोळे उघडत आणि निर्दयपणे लिहायला बसत. मी म्हणालो, आवडलं तर तसं लिहा की.

"आवडलं म्हटलं तर थे फोन कायले करन?"

या उन्हाळ्यात गाणी यायची थांबली. बरेच दिवस वाट पाहून त्यांनीच फोन लावला. मिलच्या आवाजाने कान अर्धे गेलेले, म्हणून स्पीकरवर.

"गाणे कावून नाई पाठवून राहिली?"

"पापा, तुमाले काईच पसंद नाई येत न. मेरा भी मन खट्टा हो जाता है. आता ऑफिसातल्या सुजयले पाठवते. थो आरामात ऐकते."

मी त्यांना कोपराने ढोसलं. हळूच म्हणालो, सांगा ना, खरं ते सांगून टाका. त्यांचे ओठ हललेही. मला त्यांची चीड आली.

"बरं केलं," दौलतराव म्हणाले. "चांगले गाणे हायेत तुह्ये. त्याले आवडतीन."

ती एकदम खूश झाली, थँक्यू पापा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.