सरदारांच्या अंगरख्यात दूध

दूध उतरलं तेव्हा मी सरदार होते. डोक्यावर पगडी, अंगात जरीच्या किनखापाचा अंगरखा, मुठीत तलवार, आणि पडद्यामागे झोळीत माझा बाळू जोरजोरात रडत होता. छातीवर ओला डाग पसरायला लागला.

"हलू नको," चित्रकार मास्तर म्हणाले. ब्रश चालूच.

माझं काम हेच, कपडे घालून बसायचं. चेहरा फोटोवरून काढता येतो, कपडे नाही. आत जिवंत अंग नसेल तर घड्या मेल्यासारख्या दिसतात, असं मास्तर म्हणत. ऑइलचा रंग सावकाश सुकतो, म्हणून रोज तीच पोझ, तीच घडी. संस्थान गेलं, फौज मोडली, तेव्हापासून आमच्या ह्यांना धड काम नव्हतं, म्हणून मी माधवगंजात मास्तरांच्या स्टुडिओत यायला लागले. ज्यांचं चित्र काढायचं ते सरदार तर कधीच वारले होते. त्यांच्या मुलाचं सरकारी ऑफिस आता भोपाळला हलत होतं, तिथल्या बंगल्यात वडिलांचं चित्र पाहिजे होतं. अंगरखा एकच, आईसाहेबांनी, म्हणजे सरदारांच्या बायकोनं, पेटीतून काढून दिलेला.

बाळू रडून रडून गप्प झाला. तेच मला सहन होईना. तलवार टाकली, बाळूला उचललं, अंगरख्याचे बंद सोडले आणि पगडीसकट पाजायला बसले. सगळी घडी मोडली म्हणून मास्तर ओरडले. तेवढ्यात दाराशी टांगा थांबला, आईसाहेब चित्र बघायला आल्या.

मास्तर माफी मागत सुटले, हिला आजच कामावरून काढतो म्हणाले. मी कसंबसं बोलले, "आईसाहेब, मी धुऊन देते."

"किनखाप धुतात का, वेडे?" त्यांनी वाकून अंगरख्याचा काठ उलटला. आत लालसर डाग होता. "हा पानाचा. भर दरबारात आमच्या ह्यांना हसू आवरलं नाही. दूध तर बरंच म्हणायचं. पाज निवांत."

मग मागे सरून बघत राहिल्या. "मास्तर, इतके दिवस तुम्ही खांब बसवला होता. हे असेच जरा वाकून बसायचे. असंच काढा."

मास्तरांनी ओला रंग खरडला, अंगरखा नव्यानं रंगवला, मांडीवर बाळूच्या जागी तलवार काढली. चित्र भोपाळला गेलं. माझं काम टिकलं, फक्त आधी पाजायचं, मग पगडी, असं ठरलं.

पण त्या दिवशी आईसाहेबांऐवजी मुलगा आला असता तर? अजून धडकी भरते. घरची चूल तुमच्याच बसण्यावर, अंगावर दुसऱ्याचा किनखाप, आणि पडद्यामागे पोर एकदम गप्प. तुम्ही उठला असता?