पहिल्या रविवारचं जेवण

विद्यापीठात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होतो आणि तो, माझा दोस्त, ग्रंथालयात शिपाई. कर्मचारी संघटना उभी राहिली तेव्हापासून तो तिच्यात होता. मला त्यानंच ओढलं. गेटवर एकजुटीची भाषणं मी करायचो. माणसांच्या घरी मात्र तो जायचा.

त्यानं एक रीत पाडली होती. कुणी निवृत्त झाला की पुढच्याच रविवारी त्याच्या घरी जेवायला जायचं. तो म्हणे, "पहिल्या रविवारी तरी मानसानं एकटं जेवू नये." मग आम्ही दोघं सायकली काढायचो. कधी सक्करदरा, कधी बसनं कोराडी, एकदा तर पार खापा.

आता जे सांगायचं ते सांगतो. काही घरांत मला उपास असायचा. ज्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या घरांत. पाणीसुद्धा आत्ताच प्यालेलं असायचं. त्याचं घर त्यातलंच. कँटीनमध्ये एका बाकावर बसून चहा प्यायचो, ते चालायचं. आईचं नाव पुढे करता आलं असतं, पण ती गेल्यावरही माझा उपास सुरूच होता.

तो कधी काही विचारत नसे. सायकलवर टांग मारताना एवढंच, "लय कडक हाय गा तुहा देव."

ऐंशी सालाच्या सुमारास तो निवृत्त झाला. "येजो रविवारी," म्हणाला. "आता मले पाहाले येनारा तूच राह्यला."

ताप, पाहुणे, सगळी निमित्तं मी मनात घोळवून पाहिली. शेवटी गेलो. दोन पाट मांडलेले. एका ताटात वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी. दुसऱ्यात साबुदाण्याची उसळ आणि दही.

"तुमच्यासाठी वेगळं केलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आज तरी यांच्या संगं बसा."

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"वहिनी, मले उपास नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हता."

"मंग काहून सांगत होता?" त्यानं विचारलं.

"तुमच्या घरचं खायचं नव्हतं म्हणून."

वहिनी हात पुसत मागच्या अंगणात निघून गेल्या. तो ऊठ म्हणाला असता तर मी उठलो असतो.

"गेटवर त मोठा गरजे," तो म्हणाला. "अन् मी टाळ्या वाजवो."

"हो."

"मले वाटे, खरंच देवाचं काही असन. मंग वाटे, नसन." त्यानं पाट पुढे सरकवला. "बस. भात थंडा होऊन राह्यला."

वहिनी आत आल्या. माझ्यासमोर पाण्याचा गिलास ठेवला. मी प्यालो.

"अन् हे उसळ कोन खाईन? रातभर भिजवला साबुदाना," त्या म्हणाल्या.

"मीच खातो."

"पयले भात खा. मंग तेबी खा." त्यानंतर 'भाऊजी' म्हणाल्या नाहीत त्या दिवशी.

दोन्ही खाल्लं. भाजी इतकी तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी, आणि ते पुसायची मला लाज वाटली नाही. त्या घरातून निघायची पहिल्यांदाच घाई नव्हती. भिंतीला टेकलो तो तिथेच झोप लागली.

जाग आली तेव्हा वहिनींनी तिघांचा चहा ठेवला होता. मला न विचारता.

"आता कोन रिटायर होऊन राह्यला?" कप हातात देत त्यानं विचारलं.

"बागेतला माळी. पुढच्या महिन्यात."

"जाऊ मंग आपन," तो म्हणाला.