वाटेतला चेंडू

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असताना ऑफिसमधला एक मित्र आणि मी रविवारी सकाळी गोल्फ खेळायला जायचो. तो नागपूरचा, आंबेडकरी घरातला. खेळ मी शिकवला, पण नियम त्याने वाचून काढले. एकदा माझा चेंडू त्याचा चेंडू आणि होल यांच्या बरोबर मध्ये थांबला.

"याला स्टायमी म्हणायचे," तो म्हणाला. "जुना स्कॉटिश शब्द. तेव्हा चेंडू उचल असं समोरच्याला सांगता येत नसे. वरून उडवा, नाहीतर वळसा घाला."

"मग मी उचलू की नको?"

"उचल यार. नियम बदलून जमाना झाला. तुमच्या पुण्यात उशिरा पोचलेलं दिसतं."

मी जागेवर नाणं ठेवून चेंडू उचलला.

त्याच वर्षी आमच्या टीमला लीड नेमायचा होता. त्याच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. लीड झाला असता तर कंपनी ग्रीन कार्डचा अर्ज करणार होती. आमच्या अमेरिकन साहेबाने मला विचारलं, हा कसा आहे? तो माझ्याहून चांगलं काम करायचा. "चांगला आहे," एवढं म्हणून मी थांबायला हवं होतं. साहेबाला आरक्षण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी कॉफी पीत पीत, माहिती द्यावी तसं समजावून सांगितलं. याला कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळालेला, म्हणालो. तसं मी त्याला कधी विचारलंही नव्हतं. आडनावावरून धरून चाललो होतो. पुढे कळलं, तो खुल्या जागेवर आला होता. नसता आला, तरी माझं वागणं तेवढंच हलकं होतं.

लीड मला केलं.

व्हिसा संपून नागपूरला परत जाण्याआधीच्या रविवारीही तो खेळायला आला. त्याचा चेंडू माझ्या वाटेत थांबला. मी न सांगताच त्याने तो उचलला. "मारा, लीडसाहेब."

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आज वारा फार आहे."

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले. तुमचं नाव नेहमी काढायचे."

तिलाही सांगता आलं नाही. वाक्य तर केव्हापासून तयार होतं: साहेबाला ते मी सांगितलं होतं, मला माफ कर.