पितृपक्षातला पाहुणा पक्षी

पक्षी बघायला मी शिकले ती गुडघे गेल्यावर. फिरायला जायचं बंद झालं, मग आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसायला लागले. कल्याणच्या एका मुलीने मला मोबाईलवरच्या पक्ष्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं. भाद्रपद आला की उत्तरेकडचे पक्षी खाली यायला लागतात, तेव्हा कोणी काय पाहिलं, कुठे, किती वाजता, किती, हे सगळं तिथे टाकायचं. मी कुठल्या शाळेत हे शिकले नाही, त्यामुळे सुरुवातीला फार घोटाळे केले. एकदा तर धोबी पक्ष्याची नुसती सावली बघून धोबी लिहिला! ती मुलगी गोड बोलून म्हणाली, "आजी, सावलीला नाव नसतं हं." तेव्हापासून मी जपून असते.

तर त्या दिवशी आमच्या ह्यांची तिथी होती. माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण, टिटवाळ्याहून सकाळीच आली. आई लवकर गेल्यामुळे ह्यांना हिनेच वाढवलं. पण शेवटी ह्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा ती काही आली नव्हती. दोघांत गावच्या घरावरून अबोला होता. तेव्हापासून दर वर्षी तिला एकच घोर, कावळा शिवतो की नाही. पहिल्या वर्षी दुपार कलली तरी शिवला नव्हता, तेव्हा ही बाई रडून रडून लाल झाली होती. आणि शिवल्याशिवाय जेवायची नाही. साखरेची गोळी घेतलेली, तरी नाही.

मुलाने सकाळी विधी उरकला आणि तो वागळे इस्टेटला कामावर गेला. पान ठेवायचं आम्हा दोघींवर आलं. भात, खीर, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी, सगळं केळीच्या पानावर वाढून मी गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, शेवटचा एक जिना चढावा लागतो. म्हणून वन्सं खाली घरातच थांबल्या. म्हणाल्या, "शिवला की हाक मार गं. मी जपाला बसते."

आणि बघते तर एकही कावळा नाही! एरवी माझे पापड पळवणारे मेले आज कुठे गेले? मग आवाज आला. शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवर सगळे जमले होते आणि कोणाला तरी टोचून टोचून हैराण करत होते. मी दुर्बीण लावली. राखाडी पाठ, पांढऱ्या पोटावर आडव्या रेघा, लांब शेपूट. आता हा शिक्रा, तो छोटा शिकारी पक्षी, म्हणावा तर चोच बारीक, मान खाली घालून बसलेला. पावसाआधी ओरडणारा पावशा म्हणावा तर पंख खाली लोंबत होते. आणि पंख असे लोंबते ठेवणारा, दूरदेशी जाणारा कुक्कू असला तर? तो आपल्याकडे एखाद-दोन दिवस टेकतो आणि समुद्रापलीकडे जातो म्हणे. माझ्या गच्चीवरून कुक्कू! पंख मिटले की शिक्रा वाटायचा, हलवले की कुक्कू. किती वेळ बघत होते कोण जाणे.

वळले तर पान अस्ताव्यस्त. एक वडा गायब, भात विखुरलेला, खिरीत कसलं तरी पाऊल उमटलेलं. कठड्यावर दोन पारवे मान हलवत होते. तेवढ्यात वन्सं जिना चढून धापा टाकत वर आल्या.

"शिवला?"

"हो," मी म्हणून गेले. तोंडातून निघालंच ते.

वन्संनी तिथेच हात जोडले. "माझ्यावरचा राग गेला बघ त्याचा," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. ह्या बाईला मी काय देऊन बसले?

"वन्सं, मी पाहिलं नाही हो. मी तिकडे बघत होते."

"कुठे?"

मी टाकीकडे बोट दाखवलं.

"मग हो कशाला म्हणालीस? तुझ्या त्या ग्रुपवर चालतं का असं?"

"नाही चालत."

"बघा! परक्या पाखराची चौकशी करत्येस आणि घरच्याला..." वन्सं माझ्या खुर्चीत बसल्या. चेहरा उतरला होता. मी म्हटलं, साखर खाली जाईल, निदान गूळ तरी खा. तर म्हणाल्या, "दुसरं पान वाढ."

कुरकुरत्या गुडघ्यांनी मी खाली गेले, पुन्हा पान वाढून आणलं. तोवर टाकीवरचा पाहुणा उडून गेला होता आणि कावळे परतले होते. एक आला, कठड्यावर बसला, पानाकडे बघेना. वन्सं त्याच्याशी बोलायला लागल्या, जसं काही समोर भाऊच बसलाय.

"घर ठेवलंय रे, विकलं नाही. दवाखान्यात आले नाही, चुकलं माझं. तू हाक मारशील अशी वाट बघत राहिले. खा आता. मला भूक लागल्ये."

कावळ्याने मान वाकडी केली, एक पाऊल टाकलं, वडा उचलला आणि गेला. आम्ही दोघींनी पाहिला, अगदी डोळे फाडून.

वन्सं घरी येऊन पोटभर जेवत होत्या. मी पाहुण्याचं वर्णन ग्रुपवर टाकलं तर एक म्हणे शिक्रा, दुसरा म्हणे पावशा, कल्याणची मुलगी म्हणे, "आजी, फोटो?" फोटो कुठला काढणार मी! माझं मलाच कळेना.

तेवढ्यात वन्सं कढीचा भुरका मारत थांबल्या.

"पण काय गं, पहिलं पान कोणी उष्टं केलं?"

"पारव्यांनी असेल."

"पारवा वडा खातो होय? तो आधीच आला असेल आणि तू पाठ करून बसलीस."

पारवा वडा खात नाही, हे मलाही माहीत होतं.