अक्काचा ताप

आम्ही दोघीच बहिणी. थोरलीला मी अक्का म्हणायची. ती दुबलगुंडीला दिलेली, मी बसवकल्याणला शाळेत शिकवते. तिच्या छातीतली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी किमो सांगितली, तेव्हा दर तीन आठवड्यांनी तिला कलबुर्गीला न्यायचं काम मी माझ्याकडं घेतलं.

आधी आम्ही फार भ्यायलो होतो. वाटलं, पंधरा-पंधरा दिवस दवाखान्यात पडून राहावं लागेल. तसं काही नव्हतं. सकाळी जायचं, आदल्या दिवशीच्या रक्ताचा रिपोर्ट दाखवायचा, डॉक्टर हो म्हणाले की खुर्चीत रेलून बसायचं. हाताच्या शिरेत सुई, आधी उलटी होऊ नये म्हणून औषध, मग बाटली. तीन-चार तासांनी मोकळं. अक्का शेजारच्या खुर्चीतल्या बाईशी कन्नडमधून लेकीबाळींच्या गोष्टी करत बसायची. त्रास घरी आल्यावर सुरू व्हायचा. तोंडाची चव जायची, पायांतलं बळ जायचं. केस गेले तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नर्सनं पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतं. किमोनंतर आठवडाभरानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात, मग साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं. गर्दी टाळायची, सर्दी-खोकलावाल्याला जवळ येऊ द्यायचं नाही, घरातल्या सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे, ताजं शिजवलेलंच खायचं. आणि ताप १००.४ झाला की वाट बघायची नाही, लगेच निघायचं. विचारल्याशिवाय तापाची गोळीही घ्यायची नाही. गोळीनं ताप दबतो, आतलं दुखणं तसंच राहतं. अक्का प्रत्येक वाक्याला "हौद्री, हौद्री" म्हणत मान डोलवत होती.

तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. बारशाचा दिवस अक्काच्या तिसऱ्या किमोनंतरचा दहावा दिवस होता. मी म्हटलं, पुढं ढकलू. ती ऐकेना. शेवटी दाजींनी थोडीच माणसं बोलावली, दारात पाणी आणि साबण ठेवला, आणि अक्कानं मास्क लावून आतल्या खोलीत बसायचं असं ठरलं.

सकाळी तिला साडी नेसवताना तिचा हात माझ्या हाताला लागला.

"अक्का, अंग गरम लागायलंय गं."

"न्हाई गं. पुरण बघाया चुलीपाशी गेलते. कामून उगं काळजी करायलीस?"

थर्मामीटर कपाटावर होता. बाहेर बायका यायला लागल्या होत्या. मी तिचं ऐकलं. खरं सांगायचं तर मला ते ऐकायचंच होतं.

नाव ठेवताना ती खोलीतून बाहेर आली. सगळ्यांपासून लांब उभी राहिली, आत्यानं बाळाचं नाव सांगितल्यावर घटकाभर बाळाला घेतलं आणि लेकीकडं दिलं. जेवणं उरकल्यावर दाजी आत गेले तर ती पांघरुणात कुडकुडत होती. उशीखाली तापाच्या गोळ्यांचं पाकीट, त्यातल्या दोन गोळ्या गेलेल्या. ताप पहाटेपासून होता.

गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस.

"सांगितलं असतं तर तुमी लगेच मला घेऊन निघाला असता," ती म्हणाली. "मला तिचं नाव ऐकायचं होतं."

दवाखान्यात पोचताच अँटिबायोटिक सुरू झालं, पण तिचा रक्तदाब वर येईना. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, हे जंतू पाहुण्यांनी आणले असंही नाही, बऱ्याचदा ते पेशंटच्याच पोटातले असतात. मी विचारलं, सकाळीच आणलं असतं तर? त्यांनी कागद मिटले. लवकर यायला हवं होतं, एवढंच म्हणाले.

गावात कुणीतरी बाळाचा पायगुण काढला. भाचीच्या कानावर ते गेलं, तिनं जेवण सोडलं. मी तिला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. तिला पटेना, तेव्हा मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं: तुझ्या बाळाचं काही नाही, मला सकाळीच कळलं होतं आणि मी गप्प बसले.

 ती म्हणाली, "मावशी, बाळ घेताना तिचा हात मलाबी गरम लागलता."

तिला जवळ घ्यावं की तिनं मला घ्यावं, आम्हाला सुचेना. बाळ रडायला लागलं तशी ती उठली.

दोन महिन्यांनी ती सासरी गेली. आता फोन करते. बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, सांगते. मी दात आले का विचारते, दाजींचं खाणंपिणं सांगते. अक्काचा विषय दोघींपैकी कुणी काढत नाही.